चौथ्या रिळातले तीन जोड

…सुईचं टोकही जाड म्हणावं इतकं ते छिद्र बारीक होतं. टेबलाच्या काचेखालचा दिवा नेमका त्याच्यामागे आला म्हणून दिसलं; नाहीतर फिल्मच्या डाव्या कोपऱ्यात, दोन दातेरी भोकांच्या मधे, असलं काही बघायला कोण जातं? तिने गुंडाळीचा दांडा थांबवला. फिल्म जराशी थरथरली आणि स्थिरावली. कुजल्याची खूण नव्हे ही. कुजलेल्या फिल्मच्या कडा तपकिरी, चिकट होतात, जुन्या मधासारख्या. ह्या भोकाची कड गोल, स्वच्छ, एका बाजूने टोचून दुसऱ्या बाजूला किंचित उमललेली. आणि भोकाला लागूनच जोड. दोन तुकडे एकमेकांवर चढवून चिकटवलेले, पण चिकटवण्याआधी केलेली खरवड सरळ नाही, उजवीकडून डावीकडे उतरत गेलेली—डावखुऱ्या माणसाने खरवडावं तशी.

तिची बोटं फिल्मवरून उचलली गेली, आपोआप, झोपलेल्या माणसाच्या अंगावरून हात काढून घ्यावा तशी.

तिने दाराकडे पाहिलं. कोणी नव्हतं. उत्तरेच्या खिडक्यांतून सकाळचा पांढरा, बिनसावलीचा उजेड येत होता. भिंतीशी वाळूच्या तीन लाल बादल्या, त्यांच्यावर ‘काडी पेटवू नये’ अशी पाटी. फिल्म-संग्रहालयातल्या ह्या खोलीत येताना माणसं काड्यापेट्या बाहेरच्या फळीवर काढून ठेवत, देवळाबाहेर चपला ठेवाव्यात तशा. जुनी फिल्म पेटली तर पाण्यातही विझत नाही. चौतीस वर्षं ती अशा पेटणाऱ्या गोष्टी पांढऱ्या हातमोज्यांनी हाताळत आली होती आणि एकदाही तिच्या हातून काही पेटलं नव्हतं. सकाळी आल्यावर खुर्चीत बसायचं, डोळे मिटायचे, मनातल्या मनात देवाचं नाव घ्यायचं आणि मग पहिला डबा उघडायचा—हा नेम तिने कुणाला सांगितला नव्हता. सांगितला की तो आपला राहत नाही.

आज तिने डोळे मिटून नाव घेतलं, डबा उघडला, आणि नाव घेतलेल्याने समोर हे काढून ठेवलं.

तिने उजव्या हाताचा मोजा काढला. मोजा न घालता फिल्मला हात लावणाऱ्यांना तिने स्वतः किती वेळा दटावलं असेल. तर्जनी हळूच त्या कोपऱ्यावरून फिरवली, आणि बोटाखाली ती उमललेली कड लागली…

लागलं? हा माझा.

बाबा थेटरात सिनेमाचं यंत्र चालवणारे ऑपरेटर; त्यांच्या केबिनमध्ये उभं राहायला एक लाकडी खोकं होतं. मी त्यावर. बाबांचा डावा, कामाचा हात माझ्या हातावर, आणि आमच्या दोघांच्या बोटांमधून फिल्म सरसर मागे जायची, खेळ संपल्यावर रीळ उलटं गुंडाळताना. अंधारात काही दिसत नसे, दिसायला नकोच होतं. बाबा म्हणायचे, दुसऱ्याचे जोड देवाच्या भरवशावर, आपले बोटाच्या भरवशावर. म्हणून आपल्या प्रत्येक जोडाला ते कोपऱ्यात टाचणी टोचत. रीळ मागे जाताना ती कड बोटाला लागली की हात थांबवायचे, जोड सुटत तर नाही ना बघायचे, आणि पुढे जायचे. “लागलं?” “लागलं.” “हा माझा.” जणू एकेक लेकरू मोजून घरात घ्यावं.

तेव्हा हीच ती प्रत. सहा डबे गेल्या महिन्यात आले, कुठल्याशा बंद पडलेल्या थेटराच्या गोदामातून, आणि पहिलं रीळ उघडताच सिनेमा तिने ओळखला होता. समुद्राखालून जाणाऱ्या जहाजाची ती जुनी, गाजलेली कादंबरी. जी न वाचताही सगळ्यांनाच वाचल्यासारखी वाटते. तिच्यावरून, सिनेमा अजून मुका होता त्या काळात, दूर कुठल्यातरी देशात काढलेला तो पट. पण सिनेमा तोच असणं वेगळं आणि प्रत तीच असणं वेगळं. देऊळ तेच असणं आणि आपण लहानपणी धरलेला खांब तोच असणं, ह्यात फरक आहे. तिने कुणाला काही सांगितलं नव्हतं. काय सांगणार? हा मी सातव्या वर्षी पाहिला आहे—आईच्या शेजारी बसून पाहिला आहे…

“ताई!”

विभागप्रमुख मॅडम दारातूनच बोलत. त्यांना नेहमी पुढच्या दारात पोचायचं असे. तिच्यापेक्षा वीस वर्षांनी लहान, हुशार, जरा घायकुत्या. तिने घाईघाईने मोजा चढवला.

“चौथं रीळ चारपर्यंत नव्या फिल्मवर छपाईला गेलं पाहिजे. जगात दोनच प्रती आहेत, आणि दुसऱ्या प्रतीत नेमकं हेच रीळ नाही, माहितीये ना? त्यांच्याकडून दृश्यांची यादी आली आहे, पाट्यांच्या भाषांतरासकट. तिच्या क्रमाने लावा. इकडचं तिकडे झालेलं असेल तर सरळ करा.”

“करते.”

“आणि तक्ता पूर्ण भरा हो. कारणाचा रकाना तुम्ही नेहमी कोरा ठेवता. मग मला पत्रं लिहीत बसावं लागतं.”

“कारण नेहमी कळतंच असं नाही.”

“कळायचंय काय त्यात? ‘ऑपरेटरची चूक’ लिहा. दहात नऊ वेळा तेच असतं. ते लोक काय दिव्य होते तुम्हाला तर माहीतच आहे.”

माहीत आहे, ती म्हणणार होती. पण मॅडम पुढच्या दारात पोचल्या होत्या.

तिने यादी दिव्याखाली धरली. टंकलेला कागद, नीट अंतर सोडून. चौथं रीळ. पोरगा खलाशी पहिल्यांदा पाणबुड्याचा पोशाख चढवून पाण्यात उतरतो. समुद्रतळ, मासे, बुडालेलं गलबत. पोरगा वर येतो, डोक्यावरचा पितळी टोप काढतो, हसतो. कप्तान त्याला दुसऱ्यांदा खाली पाठवतो. वेली. झटापट. टोपाची काच फुटते. सोबती त्याला समुद्रतळावरच वाळूत निजवतात. पाटी. गोल खिडकीमागे कप्तानाचा चेहरा. रीळ समाप्त.

तिने दांडा फिरवायला घेतला. चौकटीमागून चौकट काचेवरून सरकत होती—पाण्याखालच्या सगळ्या चौकटी निळ्या-हिरव्या रंगाच्या पाण्यात बुडवून काढलेल्या, जहाजावरच्या पिवळ्या; रंग तेव्हा असेच देत. निळ्यात पोरगा खाली गेला, निळ्यात गलबत दिसलं, आणि मग पिवळं यायला हवं होतं तिथे पिवळं नव्हतं. जोड. टाचणीचं भोक. निळ्याला लागून सरळ दुसरी उडी. टोप न काढता, न हसता, पोरगा एकदा गेलेला पुन्हा जात होता. ती मोजत पुढे गेली. वेली. काच. चार पितळी टोप वाकून वाळू उकरतात. पाटी, परक्या लिपीतली. दुसरा जोड, दुसरं भोक. आणि मग, निळ्याच्या ऐन पोटात, लख्ख पिवळं: पोरगा पाण्यातून वर येतो, टोप काढतो, ओले केस कपाळाला चिकटलेले, दात दिसेपर्यंत हसतो. तिसरा जोड. गोल खिडकी. कप्तान.

ती मागे टेकली.

म्हणजे तो परत येत नाही.

इतकी वर्षं… ह्या कामात तिने शेकडो सिनेमे उलगडले, गुंडाळले, कुठल्या कथेत काय खरं आणि काय सोयीचं ते तिला डब्यावरूनच कळे. पण ह्या एका सिनेमाविषयी तिला कधी शंकासुद्धा आली नव्हती. तो बुडतो, त्याला पुरतात, आणि समुद्र त्याला परत देतो. तिच्या लेखी ते सूर्य उगवण्याइतकं ठरलेलं होतं.

रविवारी सकाळी हा सिनेमा लागायचा. बोलपट केव्हाच आले होते, पण बोलपटांसाठी वेगळं यंत्र लागे आणि आमच्या थेटराच्या मालकाकडे ते नव्हतं. त्यामुळे पोराटोरांसाठी जुने मुके सिनेमे. पडद्याच्या बाजूला एक व्हायोलिनवाला, त्याला एकच चाल येई, भांडण असो की लग्न. पाट्या परक्या भाषेत. त्या भाषेतलं अक्षर कुणाला येत नव्हतं. सिनेमाबरोबर एक छापील कागद आलेला असे, तो बाबा पाठ करत आणि पाटी आली की केबिनच्या भोकातून तोंड बाहेर काढून खणखणीत आवाजात म्हणत. पोरं त्यांना आकाशवाणी म्हणायची. रस्त्यात भेटले तरी—“आकाशवाणी, पुढच्या रविवारी काय?” घरी दिवसात चार वाक्यं बोलणारा माणूस तो, पण त्या भोकातून बोलताना देव बोलल्यासारखा बोले.

दादा एकोणीस वर्षांचा होऊन मालवाहू बोटीवर लागला, त्याच वर्षी ती बोट कुठेतरी गेली. बुडाली असं कुणी म्हटलं नाही. ‘पत्ता नाही’ म्हटलं. पत्ता नाही हे बुडाल्याहून वाईट. बुडालेल्यासाठी निदान रडता येतं. आईने रडणंही सोडलं, खाणंही. शिंप्याकडचे सदरे काजं-बटणांसाठी घरी यायचे, त्यांचा ढीग वाढत गेला. ती भिंतीकडे तोंड करून पडून असे. शेजारीण सांगून गेली, “अशानं ही पण जाईल हो.” बाबांनी ऐकून घेतलं आणि कामावर गेले. मग एका रविवारी त्यांनी तिला उठवलं, अक्षरशः हाताला धरून, आणि मला म्हणाले, “आईला घेऊन मागच्या रांगेत बस. उठू देऊ नकोस.”

उठू देऊ नकोस.

तेव्हा तयारी होती ती. आज कळतंय. तुटलेली फिल्म कधी सरळ तुटत नाही; ती फाटते, दाते उचकटतात, एखादी चौकट तिरपी जाते. इथे तीनही जागी कात्री चालली होती. शांतपणे, मोजून. हसणारं पोरगं एका जागेवरून उचललं, ती जागा बुजवली, आणि ते शंभर हात पुढे नेऊन लावलं. हात चुकला तर एक जोड चुकतो. तीन जोड कुणाच्या हातून चुकत नाहीत.

तिने यादीतलं पाटीचं भाषांतर शोधलं. चौथ्या रिळातली शेवटची पाटी. ‘समुद्राने घेतलेला समुद्रापाशीच राहो.’

ती ते पुन्हा पुन्हा वाचत राहिली. कारण तिच्या कानात ती पाटी स्वच्छ होती, पन्नास वर्षं होती, केबिनच्या भोकातून, सगळं थेटर चिडीचूप झालेलं असताना, व्हायोलिनवाल्यानेसुद्धा हात थांबवलेला: “समुद्रानं घेतला होता… तो समुद्रानं परत दिला!” आणि पिवळा उजेड. ओले केस. पोरांनी टाळ्यांनी खुर्च्या हलवल्या. आईने माझं मनगट धरलं होतं, इतकं घट्ट की संध्याकाळपर्यंत बोटं उमटलेली होती.

घरी आल्यावर तिने केस विंचरले. चूल पेटवली. चहा ठेवला, आणि मी साखरेचा डबा पुढे केला तर म्हणाली, “माझ्यात नको. तो आला की घालू.”

बिनसाखरेचा चहा ती एकतीस वर्षं प्यायली.

“आत येऊ का?” असं म्हणत भिंग आत आलाच. छपाईयंत्रावरचा हा माणूस गळ्यात दोरीला भिंग बांधून फिरे, बायकोने म्हणे जेवतानासुद्धा ते काढायला लावलं की चिडे. त्यामुळे त्याला खऱ्या नावाने कुणी हाक मारत नसे, आणि मारली तर तो ओ देत नसे. दोन कप त्याच्या हातात होते. “हा तुमचा. कडू. आणि ही बशीत साखर. रोज ठेवतो, रोज परत नेतो. एक दिवस तुम्ही हराल.”

“तू हरशील.”

“डॉक्टरनी सांगितलंय का काही?”

“नाही.”

“मग आजार नाही, हट्ट आहे. हट्टाला औषध नाही.” तो वाकून काचेकडे बघू लागला. “अरे वा. हे पोरगं कुठून उगवलं? आत्ता तर पुरलं ना त्याला?”

“जागा बदलली आहे.”

“कोणी?”

तिने कप उचलला. “जोडणाऱ्याने.”

“काय एकेक नमुने असतात! पण हात मात्र छान आहे हं, ताई.” भिंग डोळ्याला लावून तो जोड न्याहाळत होता. “पन्नास वर्षं झाली असतील, तरी सुटलेला नाही. आपले पाच वर्षांत बोंबलतात. अशा माणसाला चूक करायला लाज नाही का वाटली?”

“चूक नसेल ती.”

“मग?”

तिने कप खाली ठेवला. तो तिच्याकडे बघत राहिला. वर्षानुवर्षं शेजारी काम केलेल्या माणसाला न बोललेलं थोडंफार ऐकू येतं. “माझं काय,” तो म्हणाला, “तुम्ही जसं द्याल तसं मी छापीन. ह्या पोराला पाठीशी घातलंत तरी मी कुणाला सांगायला जाणार नाही. पण एकदा छापलं की तेच खरं. मूळ फिल्म पेटणारी, ती तर पुढच्या आठवड्यात जाळणारच आहेत, मागच्या मैदानात. मग ह्याला”—त्याने जोडाकडे बोट दाखवलं—“विचारायलाही कोणी उरणार नाही.”

“चारला ये,” ती म्हणाली.

तो गेला. साखर बशीत राहिली.

जगात जे उरेल ते मी आज टेबलावर ठेवीन ते. ती हे आधीही शेकडो रिळांच्या बाबतीत म्हणू शकली असती, पण असं अंगावर कधी आलं नव्हतं. हाती आलेली वस्तू तिच्या करणाऱ्याने केली होती तशी परत करायची, आपल्याला आवडली असती तशी नाही—एवढंच तिचं कामातलं व्रत होतं, आणि ते पाळायला कधी जड गेलं नव्हतं, कारण मोडावंसं वाटेल असं कधी समोर आलंच नव्हतं. जे सहज पाळलं जातं ते व्रत कसलं, ती सवय.

आणि करणारा कोण? दूरदेशीचा तो सिनेमावाला, की बाबा?

बाबांनी आईला वाचवलं. एका कात्रीने, फिल्म चिकटवायच्या थोड्या सिमेंटने, भिंतीकडे तोंड केलेल्या बाईला परत वळवलं. हे खरं. पुढचंही खरं. पुढच्या रविवारी आई स्वतःहून तयार होऊन बसली. त्याच्या पुढच्याही. अकरा रविवार. तेवढ्या एका पाटीसाठी जायची, आणि बाबांना ती अकरा वेळा म्हणावी लागली, दरवेळी त्याच आवाजात, कारण आवाज जरा कमी पडला तर आई मागे वळून केबिनकडे बघे. मला वाटायचं बाबांना पाटी म्हणायला आवडतं. बाराव्या रविवारी ते घरी आले आणि म्हणाले, “फिल्म तुटली. आता नाही लागायची.”

“मग जोडा ना,” आई म्हणाली. “तुम्हाला येतं की जोडता.”

बाबांनी पुढ्यातलं ताट बाजूला सारलं, अन्नाला नमस्कार केला आणि बाहेर निघून गेले. परत आले तेव्हा त्यांच्या बुटांना मैलभर चालल्याची धूळ होती. त्यानंतर पाटी म्हणायला त्यांनी दुसऱ्याला ठेवलं. आकाशवाणी बंद पडली, पोरं म्हणाली. मीही हसले होते.

असं औषध, की ज्याने रोगी जगतो पण उठत नाही. आई जगली—जेवली, काजं केली, माझं लग्न ठरवायला निघाली आणि मी नको म्हटल्यावर भांडली, बाबा गेले तेव्हा रडली, मोकळी, भरपूर. पण एक कान सतत दाराकडे. दिवसा तिने कधी कडी लावली नाही. उन्हाळ्यात धूळ, पावसात पाणी, एकदा तर भुरटा चोर येऊन पितळी तांब्या घेऊन गेला, तरी नाही. “लावते गं कडी,” मी म्हणे. “असू दे,” ती म्हणे, “त्याला वाटेल घरात कोणी नाही.” आणि शेवटच्या दिवसांत, जीभ जड झालेली असताना, माझ्याकडे बघून बोटानेच विचारी: आला? मी मान हलवी. ती ‘नाही’ची मान होती की ‘हो’ची, हे मी तिलाच ठरवू देई.

तिचा बिनसाखरेचा कप मी उचलला तो तिच्या तेराव्या दिवशी. कुणी सांगितलं नव्हतं. अर्धवट राहिलेलं विणकाम कुणीतरी हाती घ्यावं तसा घेतला. पण विणकाम पुरं होतं… हे काय पुरं होणार होतं?

तिने द्रावणाची बाटली उघडली. कापसाचा बोळा ओला केला. मग तसाच धरून राहिली. जोड सोडवायचा म्हणजे एकच गोष्ट करायची होती, आणि हात तीच करत नव्हता. कारण जोड बाबांचा एकट्याचा नव्हता. ही गोष्ट ती इतका वेळ यादीच्या, भिंगाच्या, मॅडमच्या आडोशाने टाळत आली होती. आता आडोसा उरला नाही.

सिनेमा पाहिल्यावर चार-पाच दिवसांनी असेल. आई दारात बसून बटणं लावत होती. मी तिच्या पाठीला टेकून म्हटलं, “आई, दादा आला होता.”

सुई थांबली. “काय?”

“दारात. पिशवी खांद्याला. केस ओले होते. हसत होता.”

“कधी?”

मला सांगता येईना. मी खोटं बोलत नव्हते, देवाशपथ; मला तो दिसत होता, ह्या दारात, ह्याच चौकटीत, कपाळाला चिकटलेले केस, दात दिसेपर्यंत हसणारा. फक्त कधी ते कळत नव्हतं.

“बोल ना गं. कधी?”

“सकाळी,” मी म्हटलं.

बाबा आत होते. ते बाहेर आले, आईच्या डोक्यावरून माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं आता रागावणार. ते रागावले नाहीत. ‘खोटं बोलू नकोस’ एवढं जरी म्हणाले असते… त्यांनी फक्त पाहिलं. आणि त्या पाहण्यात काय होतं ते आज, हा ओला बोळा हातात धरून बसल्यावर कळतंय. त्यांनी स्वतःच्या हातचं काम ओळखलं होतं. त्यांची कात्री पोरीच्या डोक्यातही फिरली होती.

त्या दिवसापासून आईने कडी लावणं सोडलं. बाबांनी तिला साखर सोडायला लावली असेल. दार मी उघडं ठेवलं.

आणि ते चित्र पुढे गेलं नाही. मोठं होता होता मी ठरवलं की स्वप्न पडलं असेल. मग ठरवलं की सिनेमातलंच पोरगं दादाच्या जागी जाऊन बसलं असेल. पण दादाची पिशवी सिनेमात नव्हती. खाकी, दोन बटणांची. ती कुठून आली?…

घड्याळात तीन वाजत आले होते.

तिने बोळा जोडावर ठेवला, मोजून वीसपर्यंत. सिमेंट मऊ झालं. बाबांचा जोड खरोखर चांगला होता, सहज सुटेना. तिने हातमोजे काढून टाकले, दोन्ही, आणि नखाने अलगद, रुतलेला काटा काढावा तसा सोडवला. पहिला. दुसरा. तिसरा. पिवळा तुकडा वेगळा झाला, चार-पाच हात असेल-नसेल, गुंडाळला तर मुठीत मावेल. पडद्यावर तो किती वेळ दिसत असेल? एका दीर्घ श्वासाएवढा. तेवढ्यावर एक घर एकतीस वर्षं चाललं.

तिने तो मुठीत धरून पाहिला. नंतर ठेवला, यादीत होता तिथे, पहिल्या उडीच्या पुढे, दुसरीच्या मागे. खरवडलं, सिमेंट लावलं, दाबलं. जिथून काढला ती जागा बुजवली. वाळूत निजवलेला पोरगा, पाटी, आणि पाटीला लागून आता सरळ कप्तानाचा चेहरा. मग तिने रीळ सुरुवातीला नेलं आणि हाताने फिरवत, डोळ्याला भिंग लावून, एकेक चौकट बघत निघाली.

निळ्यात पोरगा खाली गेला. गलबत. पिवळं: वर आला, टोप काढला, हसला. किती हसला! शेवटी बघताना त्या हसण्यात एक सुटका असायची, जिंकल्याची. आता त्यात तसलं काहीच नव्हतं. नुसतं हसणं. त्याला पुढचं काही ठाऊक नव्हतं. कुणीतरी त्याला नवा पोशाख दिला होता, तो पहिल्यांदा खाली जाऊन आला होता, आणि आता पुन्हा जायचं म्हणून हसत होता. हे हसणं येण्याचं नव्हतंच कधी. जाण्याचं होतं. खाकी पिशवीचं वरचं बटण—

तिचा हात थांबला.

बटण नवीन होतं. पांढरं, खाकीवर उठून दिसणारं. खाकी मिळालं नाही म्हणून आईने सदऱ्यांतलं लावलं होतं, त्याच पहाटे, दिव्याशी धरून, आणि दोरा तोडायचा राहिला होता. तो लोंबत होता. दादाने पिशवी तोंडाशी नेऊन तो दाताने तोडला होता… दात दिसले होते. केस ओले होते, कारण नळाखाली डोकं घालून आला होता. उशीर झाला, पुसायला वेळ नव्हता. पिशवी फुगलेली. परत येणाऱ्याची पिशवी अशी नसते. तो दारात होता, हसत होता, आत बघत होता. पण पाय बाहेर होते, पायरीवर. आत येणारा नव्हता तो. मागे वळून बघणारा होता.

तो निघाला त्या पहाटेचं होतं ते. एकाच पहाटेचं. स्वप्न नव्हे, सिनेमा नव्हे, खोटंही नव्हे. खरंच पाहिलं होतं मी त्याला, आई. फक्त कुठे लावायचं ते मला कळलं नाही.

तिने टेबलाच्या खणातून टाचणी काढली. नव्या जोडाच्या डाव्या कोपऱ्यात टेकवली. हे नियमात बसत नव्हतं. छापलेल्या प्रतीत एक पांढरा ठिपका येईल, पापणी लवायच्या आत जाईल, कुणाला दिसणार नाही, दिसला तर भिंगाला दिसेल. तिने टोचली. तर्जनी फिरवून पाहिलं.

लागलं.

तक्ता समोर होता. रिळाचा क्रमांक, लांबी, रंग, सगळं तिने आपल्या बारीक, सुबक अक्षरात भरलं. कारणाच्या रकान्याशी लेखणी आली. ‘ऑपरे’ एवढं लिहिलं गेलं आणि हात थांबला. बाहेर बोळात भिंगाची पावलं ऐकू येऊ लागली होती, तो नेहमीप्रमाणे काड्यापेटी फळीवर आपटत होता, कुणाशी तरी हसत होता. चहा केव्हाचा गार झाला होता; बशीतल्या साखरेला एक मुंगी लागली होती. तिने बशी दूर केली नाही, जवळही ओढली नाही.

ती ऐकत होती. कारण दारातल्या त्या चित्राला आजवर कधी आवाज नव्हता. ओले केस, हसू, पिशवी, सगळं मुकं. आता जागेवर बसल्यावर त्यात हळूहळू काहीतरी येऊ लागलं होतं: नळाचं ठिबकणं, आईची आतून हाक, पहाटेचा वारा. आणि दादाचा आवाज. तो कसा होता हे ती साफ विसरली होती. किंचित घोगरा, अजून पोरसवदा, स्वतःवरच खूश असलेला.

“दार लावून घे गं,” तो म्हणाला, “वारा येतोय.”

आणि पायरी उतरला.

सात वर्षांची ती चौकटीत उभी होती, हात कडीवर. लाकूड गार होतं, ते आठवत होतं. कडी चवड्यांवर उभं राहिल्यावर हाताला येई, तेही आठवत होतं. लावली का मी?… तिने डोळे मिटले, सकाळी मिटते तसे, आणि पहिल्यांदाच त्या दारात कुणी येण्याची वाट न बघता, जाणाऱ्याच्या पाठीकडे बघत, ती तशीच उभी राहिली.